कातडीचा कायाकल्प

उन्हानें करपलेली, वयानें सुरकुतलेली चेहऱ्याची कातडी उतरवावी आणि खालून कोंवळी यावी, ही मानवाची आशा फार जुनी आहे. रोमच्या नीरो बादशहाची राणी पॉपिआ हिच्या स्नानासाठीं प्रवासांतहि ५०० दुभत्या गाढविणी बरोबर असत, असें प्लिनीनें लिहून ठेवलें आहे. त्या दुधानें सुरकुत्या जातात, अशी तेव्हां समजूत होती.

या आशेला शास्त्राची जोड पुढें मिळाली. १८८२ सालीं हॅम्बुर्गच्या डॉ. पॉल उन्ना यांनीं सॅलिसिलिक आम्ल, फेनॉल इत्यादि द्रव्यांचे त्वचेवरील परिणाम वर्णन केले. १९०५ सालीं बर्लिनच्या डॉ. क्रोमायर यांनीं फिरत्या यंत्रानें त्वचा घासण्याची रीत प्रसिद्ध केली. आज तेंच कार्य लेसरकिरणहि करतात.

साधनें बदललीं, नियम बदलला नाहीं. जखम वरवरची असली, तर केसांच्या मुळांशीं असलेल्या पेशींपासून नवी त्वचा उगवते. ती फार खोल गेली, तर व्रण कायमचा राहतो. फेनॉल अंगांत अधिक भिनलें, तर हृदयाचे ठोकेहि बिघडतात. म्हणून या विद्येचा खरा इतिहास द्रव्यांचा नसून मात्रेचा आहे. आणि एवढें सोसून आलेली कातडीहि उन्हापासून न जपल्यास पुन्हां काळवंडतेच!