झील धरणारे यंत्र

कीर्तनकार कितीही गोड गळ्याचा असो, मागे झील धरणारे नसले तर कीर्तन रंगत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. 1880 च्या सुमारास मुंबईत आपल्या समाजाने हरिदासी कीर्तनाचा साचा घेतला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत लावली. तेव्हापासून धृपद उचलून धरणारी मंडळी म्हणजे कीर्तनाचा अर्धा प्राण. इस्राएलात आल्यावर ही मंडळीच पांगली. कोणी दिमोनात, कोणी अश्दोदला, कोणी लोदला. चाल येणारा एक उरतो, पण त्याच्यामागे गाणारे उरत नाहीत. म्हणूनच, एकटा गाणारा ज्यावर आपलीच झील आपण धरतो त्या लूप स्टेशन नावाच्या यंत्राची कुळकथा आपण जाणून घ्यावी असे मला वाटते.

ग्रामोफोनची सुई अडकली की तोच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो, हा अनुभव जुन्या माणसांना आहेच. आपण सुई उचलून पुढे ठेवत असू. 1948 साली पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर यांनी मात्र तबकडीवरची रेघ मुद्दाम वर्तुळात बंद केली आणि त्या अडखळण्यातूनच संगीत केले. पुढे 1963 मध्ये त्याच शहरात टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच फीत दोहोंतून फिरवली. पहिल्याने ध्वनी टिपायचा, दुसऱ्याने तो थोड्या वेळाने वाजवून परत पहिल्याकडे धाडायचा. असे थरावर थर चढत गेले. हेच रायली 1970 मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले ते याच घराण्याचे. आवर्तनाचे वेड लागलेला माणूस अखेर आपल्याकडेच यायचा, असे म्हणण्याचा मोह होतो!

इंग्लंडमध्ये रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी 1973 साली दोन रेव्हॉक्स टेपरेकॉर्डरांवर याच रीतीने एक तबकडी काढली. 1979 मध्ये फ्रिप एक गिटार व ही दोन यंत्रे घेऊन तबकड्यांच्या दुकानांतून आणि उपाहारगृहांतून एकटेच कार्यक्रम करीत हिंडले.

फीत गेली, चिप आली, आणि यंत्र पेटीएवढे झाले. 1994 च्या लेक्सिकॉन जॅममॅनमध्ये मुळात आठच सेकंद मावत; म्हणजे धृपदाची एक ओळ, फार तर दोन. 2001 च्या बॉस आरसी-20 मध्ये साडेपाच मिनिटांपर्यंत मावू लागले. रीत साधी आहे. पायाने पेडल दाबा, गा, आणि आवर्तन पुरे होताच पुन्हा दाबा. ती ओळ आपोआप फिरू लागते. तिच्यावर टाळी, ठेका, दुसरा सूर चढवता येतो. मात्र दुसरा दाब बरोबर समेवर पडला पाहिजे. क्षणभर उशीर झाला तर प्रत्येक फेरीत तीच ठेच ऐकावी लागते. तबल्याच्या साथीत वाढलेल्या माणसाला हे फार शिकवावे लागू नये.

आपल्या देशात हे यंत्र घरोघर माहीत झाले ते नेटा बर्झिलाईमुळे. यूरोव्हिजनसाठी निवड करणाऱ्या दूरदर्शनच्या स्पर्धेत तिने तोंडाने ठेका, हुंकार आणि कोंबडीचे आवाजसुद्धा यंत्रात भरून त्यांवर गाणी म्हटली. पण 12 मे 2018 रोजी लिस्बनच्या अंतिम फेरीत तिला हे खरोखरीने करता आले नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे रंगमंचावरचा प्रत्येक मानवी आवाज प्रत्यक्ष गायलेलाच हवा होता, टिपलेला चालत नव्हता. तिच्यापुढे यंत्र होते ते देखाव्यापुरते. ती जिंकली, आणि 2019 ची स्पर्धा तेल अवीवला झाली. गंमत अशी की वाद्यांची सारी साथ आधीच मुद्रित केलेली चालत होती. स्वतःचाच, दोन क्षणांपूर्वीचा आवाज मात्र चालत नव्हता. 2021 पासून मागच्या गायकांचे आवाज मुद्रित करून वापरायला परवानगी मिळाली. म्हणजे झील धरणारी माणसे वगळता येऊ लागली. मला यातला पहिला नियम कडक वाटतो, पण दुसऱ्यापेक्षा बरा वाटतो.

मग आपल्या कीर्तनात हे यंत्र आणावे काय? शिकणाऱ्यासाठी जरूर आणावे. आजीने धृपद एकदा म्हणावे, नातवाने ते फिरत ठेवून दहा वेळा त्याच्याबरोबर म्हणावे. चाल गळ्यात बसेल आणि आजीही दमणार नाही. कार्यक्रमात मात्र अडचण आहे. योसेफ भावांना आपली ओळख देतो त्या ठिकाणी श्रोत्यांचे डोळे पाणावले की जाणता कीर्तनकार हात किंचित वर करतो, झील तिथल्या तिथे मंद होते आणि पेटीचा नुसता सूर उरतो. यंत्राला तो हात दिसत नाही. पेडल दाबायला पाय शोधावा लागतो, आणि तोवर धृपद मोठ्याने आणखी एक फेरी मारून आलेले असते.