इशारा कोणाला?

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, हे आपण शाळेच्या प्रयोगशाळेत शिकतो. पण हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभर भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, हे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याला अनेकदा कुणी सांगितलेले नसते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून तो आणखी एक पायरी खाली जातो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही आणि क्ष-किरण डोळ्यांना दिसत नाहीत. शरीर जिथे फसते, तिथे शरीरावर काहीतरी बाळगावे लागते. अंगावर बाळगायच्या सुरक्षा-मापकांच्या अभ्यासक्षेत्राचा उगम या गरजेत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने खाणीत इवले प्राणी-पक्षी न्यावेत असे सुचवले. कॅनरीचा श्वास जलद, देह लहान, म्हणून विषारी हवेत ती माणसाआधी कोसळे आणि खाणकामगारांना निसटायला वेळ मिळे. ब्रिटनच्या खाणींतून ती 1986 साली निवृत्त झाली. तिचे काम आता मुठीत मावणारा वायुमापक करतो. ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू यांवर तो एकाच वेळी लक्ष ठेवतो. हवेतला ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून 19.5 टक्क्यांखाली उतरला की तो किंचाळतो. मात्र तो नाकातोंडाजवळ, कॉलरला किंवा छातीच्या खिशाला अडकवलेला हवा. झाकण उघडून वरूनच हवा तपासली म्हणजे झाले, असेही नाही. खाली गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू सुटतो, आणि पहिला माणूस पडला की त्याला काढायला दुसरा तसाच उडी घेतो. अशा दुहेरी-तिहेरी मृत्यूंच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. भारतात हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात उतरवायला बंदी आहे. माझे मत त्याही पुढचे आहे: माणसाने तिथे उतरूच नये. मापक हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

दुसरी परंपरा किरणोत्साराची. इस्पितळातल्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञाच्या छातीवर दिसणारा टीएलडी बिल्ला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडला. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की ती प्रकाशाच्या रूपाने सोडतात. जितका प्रकाश, तितकी मात्रा. आपल्याकडे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30, अशी मर्यादा आहे. हा बिल्ला वाजत नाही. काही महिन्यांनी अहवाल येतो, तोवर किरण अंगात शिरून गेलेले असतात. तो माणसाचा इतिहास लिहितो.

हा इतिहासच पोटावर पाय देणारा ठरला तर काय होते, ते फुकुशिमाने दाखवले. अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर तिथे काम करणाऱ्या एका उपकंत्राटदाराने कामगारांना मापकांवर शिशाची झाकणे बसवायला लावली होती, हे 2012 साली उघड झाले. मर्यादा भरली की काम सुटणार, म्हणून मापकालाच आंधळे केले गेले. मापक अचूकच होता. खोट होती ती आकडा वाढताच रोजगार तोडणाऱ्या व्यवस्थेत. मला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा धडा हाच वाटतो. अभियांत्रिकीच्या वर्गात तो क्वचितच शिकवला जातो.

म्हणून प्रत्येक नव्या उपकरणाला विचारावे: तुझा इशारा कोणाला? अग्निशामकाच्या अंगावरचे यंत्र तो तीसेक सेकंद निश्चल राहिला की मोठ्याने आक्रोश करते. तो इशारा त्याच्या सोबत्यांसाठी असतो. याउलट नागपूर, चंडीगड अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे आली. ती माणूस कुठे आहे हे मुकादमाला सांगत, समोरच्या नाल्यात वायू आहे का हे माणसाला सांगत नसत. चंडीगडच्या कामगारांनी त्यांना विरोध केला आणि तो मला रास्त वाटतो.

उष्माघाताचा इशारा देणाऱ्या उपकरणांचे क्षेत्र अजून कोवळे आहे. मनगटावरचा प्रकाशावर चालणारा नाडीमापक हात सतत हलत असला की चुकतो, आणि विटा वाहणाऱ्याचे हात थांबतात कुठे? नाडीवरून शरीराचे आतले तापमान काढणे हा अंदाजच असतो. इथे नव्या संशोधकांना करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते वातानुकूलित खोलीत बसून होणारे नाही.

अभियंते, डॉक्टर, सुरक्षा अधिकारी, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, सर्वांचे या विषयात मनापासून स्वागत. संवेदकांचे रसायन समजायला अवघड नाही, थोडा धीर धरा. मात्र प्रयोग आखताना एक नोंद न विसरता ठेवा: भोंगा वाजला तेव्हा काम थांबवले का, कोणी थांबवले, आणि त्या दिवसाची मजुरी कामगाराला मिळाली का.