शिदोरी आणि तिचा भार

एखाद्या समाजाचे वैभव पाहावयाचे असेल तर त्याचे वाडे आणि देवळे पाहावीत. परंतु त्याला भय कशाचे होते आणि भरवसा कोणाचा होता हे जाणावयाचे असेल, तर संकटसमयी त्याने काखोटीला काय मारले ते पाहावे. इतिहासकार सनदा, वंशावळी व तहनामे शोधतात, आणि ते योग्यच आहे. पण प्रवाशाची पडशी हाही इतिहासाचा एक दस्तऐवजच होय.

आपल्या पूर्वजांची शिदोरी विचारपूर्वक बांधलेली असे. दुधात मळलेली दशमी प्रवासात मऊ राहते. सातूचे पीठ आधीच भाजलेले असल्यामुळे त्यास चूल लागत नाही, पाणी आणि गुळाचा खडा मिळाला की भागते. तांब्यासोबत दोरी असे, कारण वाटेवरच्या विहिरीला पोहरा असेलच असे नाही. विस्तवासाठी चकमक, पोटदुखीसाठी बटव्यातील सुंठ व ओवा, आणि पाऊस, थंडी व अंथरूण ह्या तिन्हींसाठी एकच घोंगडी. एका वस्तूने तीन कामे करावीत आणि सर्व भार एका खांद्याने पेलावा, हा त्या बांधणीतला नियम होता.

तथापि हलके ओझे हा नेहमीच सद्‌गुण असतो असे मात्र नाही. वर्धा जिल्हा १८६२ साली स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आणि १८५३ नंतर इंग्रजांच्या अमलाखाली होता. भोसल्यांच्या अखेरच्या काळात पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी हा सर्व प्रदेश हैराण करून सोडला. जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात त्यांच्या स्वारीचे वर्णन केले आहे. तंबू नाही, सामानसुमान नाही. प्रत्येक स्वाराजवळ स्वतःपुरत्या थोड्या भाकरी व घोड्यापुरते थोडे दाणे. अशा रीतीने ते दिवसाला चाळीस-पन्नास मैलांची मजल मारीत. ही शिदोरी हलकी खरी, पण ती हलकी राहू शके याचे कारण उघड आहे: पुढच्या गावाचे पेव हेच तिचे कोठार होते. ह्या धास्तीनेच खेडोपाडी मातीच्या गढ्यांचा आसरा घ्यावा लागे. स्वाराच्या पाठीवरून जे ओझे उतरले, ते कुणब्याच्या पाठीवर चढले.

ह्याच्या अगदी उलट चित्र वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये दिसते. घरचे ऋण फिटावे म्हणून हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. १८५८ साली झाशीच्या वेढ्यात तो तेथेच होता. मिळवलेली दक्षिणा लुटली गेली. आणि शेवटी तो पायी परतला तो आईबापांसाठी गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन. हिशेबी मनुष्य म्हणेल, ही कावड म्हणजे निष्कारण भार. परंतु सर्वस्व गेलेल्या माणसाला चालत ठेवणारे ओझे तेच होते. हा वृत्तांत १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी छापून प्रसिद्ध केला.

वर्ध्याच्या इतिहासातील तिसरी झोळी सत्याग्रह्याची. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीकडे निघालेल्या गांधीजींच्या तुकडीचे सुमारे २४० मैलांचे सामान म्हणजे वळकटी, कपड्यांचा एक बदल, पाण्याचे भांडे, रोजनिशी आणि सूत काढावयाची टकळी. अन्न गावाने द्यावयाचे, पण ते साधे. येथे चाणाक्ष वाचक विचारील की, मग पेंढाऱ्याच्या भाकरीत आणि ह्या झोळीत भेद तो काय? दोघेही गावाच्याच धान्यावर विसंबले होते. हा प्रश्न स्वतः गांधीजींनाच टोचला होता. २९ मार्चला भाटगाम येथील भाषणात त्यांनी सोबत्यांचे वाभाडे काढले. सुरतेहून मोटारीने दूध-भाजी आणवली होती, आणि रात्रीच्या वाटेवर प्रकाशासाठी जड किटसन बत्ती एका मजुराच्या डोक्यावर दिली होती. आपली झोळी हलकी आणि मजुराचे डोके जड, हे त्यांना सहन झाले नाही. त्या भाषणातच वरील शंकेचे उत्तर आहे.

पुढे गांधीजी साबरमतीस न परतता वर्ध्यास आले आणि १९३६ साली शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहू लागले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. चारच दिवसांनी, २१ तारखेस, त्यांना अटक झाली. तेच विनोबा ८ मार्च १९५१ रोजी पवनारहून पायी निघाले, सुमारे तीनशे मैल चालून हैदराबादजवळ शिवरामपल्लीस पोहोचले, आणि १८ एप्रिलला पोचमपल्ली येथे त्यांना पहिले भूदान मिळाले. सशस्त्र लढ्याने पेटलेल्या तेलंगणात ते शस्त्रावाचून गेले. अशा चालण्याला सामान थोडे पुरते, परंतु पुढच्या गावाचा विश्वास मात्र पुरेपूर लागतो.

आता स्वाऱ्या गेल्या, पण संकटे गेली नाहीत. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड गाव उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. पाणी दारात आल्यावर गाठोडे बांधता येत नाही. ते आधीच बांधलेले असावे लागते. म्हणूनच आपत्तिनिवारणाचे जाणकार सांगतात की, पिण्याचे पाणी, कोरडे खाद्य, विजेरी, शिट्टी, नित्याची औषधे आणि कागदपत्रांच्या प्रती न भिजणाऱ्या पिशवीत घालून दाराशी ठेवाव्यात. तांब्या-दोरीच्या जागी बाटली आली, चकमकीच्या जागी विजेरी आली; बटवा तर तोच राहिला. प्रत्येक कुटुंबाने ही पिशवी बांधावी, आणि घरातील सर्वांत अशक्त माणसालाही ती पेलते का ते एकदा खांद्यावर देऊन पाहावे. पेलत नसेल तर सामान कमी करावे. आणि शेजारी एकटी म्हातारी राहत असेल, तर एक हात तिच्यासाठी रिकामा ठेवावा.