पेलेट-बॉयलर आणि दूरची आज्ञा : अग्निनियंत्रणाच्या इतिहासातील एक प्रकरण

शीत प्रदेशात घर उबदार ठेवण्यासाठी अग्नी पेटविणे ही एक गोष्ट आणि पेटलेल्या अग्नीस मर्यादेत ठेवणे ही दुसरी. पहिलीचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. दुसरीकडे त्या मानाने अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. ऑस्ट्रिया, जर्मनी, डेन्मार्क इत्यादी देशांत लाकडाच्या पेलेटांवर चालणाऱ्या घरगुती बॉयलरचा मालक परगावी असतानाही वेबद्वारे आज्ञा पाठवून तो चालू किंवा बंद करू शकतो. ही सोय म्हणजे मनुष्याच्या अग्नीवरील सत्तेचा विस्तार होय, असे सामान्यतः मानले जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे हे ठरवावयाचे, तर आज्ञा देणारा, ती वाहून नेणारा आणि अग्नीवर प्रत्यक्ष अंमल चालविणारा हे तीन घटक पृथक् करून त्यांच्या परस्परसंबंधांचा विचार करणे अवश्य आहे.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या भट्टीस स्वयंनियमनाची योजना केली. उष्णतेने मद्यार्क प्रसरण पावून पारा वर ढकलला जाई आणि त्याच्या हालचालीने भट्टीची झडप मिटू लागे. येथे आज्ञा देणारा व अंमल करणारा यांत अंतरच नव्हते. उष्णता स्वतःच स्वतःस आवर घाली. मात्र ज्या ठिकाणी ऊब हवी आणि ज्या ठिकाणी अग्नी जळतो, ती दोन ठिकाणे एकमेकांपासून दूर गेली की ही योजना अपुरी पडे. एकोणिसाव्या शतकातील मोठ्या इमारतींत नेमकी हीच परिस्थिती उद्भवली. भट्टी तळघरात असे, आणि थंडी वरच्या दालनांत जाणवे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक वॉरन जॉन्सन याने १८८३ साली खोलीतील विद्युत् थर्मोस्टॅटचे पेटंट मिळविले. खोलीचे तापमान ठरीव मर्यादेबाहेर गेले की विद्युन्मंडल पूर्ण होऊन तळघरात घंटा वाजे आणि भट्टीवरचा माणूस आवश्यक ती तजवीज करी. ही घंटा आज्ञा नव्हती, ती सूचना होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तिच्याकडे लक्ष द्यावयाचे की नाही आणि भट्टीची अवस्था पाहून किती कोळसा घालावयाचा, हा निर्णय त्या माणसाकडेच राहिला. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, मिनियापोलिस येथील आल्बर्ट बुट्झ याने या माणसाची गरजच नाहीशी केली. त्याच्या यंत्रात खोली थंड होताच एक लहानशी मोटर फिरून साखळीने भट्टीची झडप उघडी आणि खोली पुरेशी तापल्यावर ती मिटवी. सूचनेचे रूपांतर अशा रीतीने थेट आज्ञेत झाले. पुढील काळात तेल व वायू यांवर चालणारे ज्वालक प्रचारात आले. त्यांत ज्वाला क्षणात पेटते व क्षणात विझते. म्हणून त्या काळात थर्मोस्टॅटची आज्ञा आणि अग्नीचे आज्ञापालन यांत अंतर उरले नाही, असा समज दृढ झाला.

१९७३ व १९७९ या वर्षांतील तेलसंकटांमुळे लाकडाकडे पुन्हा लक्ष वळले. लाकडी ओंडका मात्र यंत्राच्या स्वाधीन करण्यास अयोग्य होता. त्याचा आकार, वजन, ओलावा यांपैकी काहीच निश्चित नसते. लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढून तयार केलेल्या पेलेटांनी ही अडचण दूर केली. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार घरगुती पेलेटचा व्यास ६ किंवा ८ मिलिमीटर आणि ओलावा शेकडा १० पेक्षा अधिक नसावा. असे एकजिनसी इंधन धान्यासारखे वाहते. मळसूत्री दांडा किती सेकंद फिरला यावरून ज्वालकात किती इंधन पडले ते ठरविता येते. धुरातील प्राणवायूचे प्रमाण मोजून पंख्याचा वेग कमीअधिक करता येतो. पेलेटचे ऐतिहासिक महत्त्व केवळ इंधनबचतीत नाही. लाकडाचा अग्नी प्रथमच अंकांच्या भाषेत मांडता येऊ लागला, हे ते महत्त्व होय. आणि जे अंकांत मांडता येते ते तारेवरून दूर पाठविता येते.

अंक दूर पाठविण्याचे साधन याच सुमारास सिद्ध होत होते. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील कॉफीचे भांडे १९९१ पासून अंतर्गत जाळ्यावर आणि १९९३ पासून वेबवर दिसू लागले. ते केवळ पाहता येई. १९९४ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात वेबवरून यंत्रहस्त हलविण्याचा प्रयोग झाला आणि पाहण्याच्या पुढे जाऊन करण्यास आरंभ झाला. पाहणे व करणे यांतील भेद वेबच्या संहितेतही नमूद झाला. १९९६ च्या एचटीटीपी दस्तऐवजात असे स्पष्ट केले आहे की ‘गेट’ ही विनंती केवळ माहिती आणण्यासाठी असून तिने अन्य कोणतीही कृती घडू नये. कृतीसाठी ‘पोस्ट’सारखे मार्ग आहेत. १९९७ च्या दस्तऐवजात आणखी एक भेद आला : काही विनंत्या अनेकदा केल्या तरी परिणाम एकदाच केल्यासारखा होतो, काहींचा तसा होत नाही.

हे भेद वरवर पाहता शाब्दिक वाटतील. अग्नीच्या बाबतीत ते तसे नाहीत. २००५ साली गूगलने पृष्ठांतील दुवे आगाऊ उघडून ठेवणारे एक साधन प्रसृत केले. ज्या संकेतस्थळांनी ‘काढून टाका’ यासारख्या कृती साध्या दुव्यांवर ठेवल्या होत्या, तेथे कोणी काही न सांगता मजकूर नष्ट झाल्याच्या तक्रारी आल्या. ‘बॉयलर चालू करा’ ही आज्ञा अशाच दुव्यात ठेवल्यास काय होईल, हे सांगावयास नको. तसेच ‘तापमान २१ अंश ठेवा’ ही आज्ञा जाळे खंडित झाल्यामुळे तीनदा पोचली, तरी घर २१ अंशांवरच राहील. ‘तापमान एक अंशाने वाढवा’ ही आज्ञा तीनदा पोचल्यास मात्र घर तीन अंशांनी तापेल. म्हणून अवस्था सांगणारी आज्ञा बदल सांगणाऱ्या आज्ञेपेक्षा श्रेयस्कर ठरते.

परंतु आज्ञा निर्दोष असली तरी पेलेटचा अग्नी तिचे तत्काळ पालन करीत नाही. ‘चालू’ म्हटल्यावर पेलेट आत येऊन विद्युत् प्रज्वालकाने पेट घेईपर्यंत काही मिनिटे जातात. ‘बंद’ म्हटल्यावर इंधनपुरवठा थांबतो, पण ज्वालकात उरलेले पेलेट जळून जाईपर्यंत पंखा चालू ठेवावा लागतो. वारंवार चालू-बंद केल्यास धूर व झीज दोन्ही वाढतात. यास्तव दूरची आज्ञा थेट मोटरीकडे जात नाही. ती प्रथम बॉयलरच्या नियंत्रकाकडे जाते, आणि नियंत्रक अग्नीची अवस्था पाहून ती केव्हा व कशी अमलात आणावयाची ते ठरवितो. त्याच्याही वर एक स्वतंत्र तापमर्यादक असतो. पाणी प्रमाणाबाहेर तापल्यास तो कोणत्याही आज्ञेची वाट न पाहता दहन थांबवितो, आणि त्यानंतर बॉयलर पुन्हा सुरू करण्यासाठी जागेवर जाऊन हातानेच बटण दाबावे लागते. ज्वाला उलट कोठीकडे जाऊ नये म्हणून केलेली व्यवस्थाही जाळ्यावर अवलंबून नसते.

या स्थानिक स्वायत्ततेची किंमत नोव्हेंबर २०१६ मध्ये फिनलंडमधील लाप्पेनरांता येथे दिसून आली. तेथील दोन निवासी इमारतींच्या तापनियंत्रकांवर जाळ्यावरून विनंत्यांचा भडिमार झाला. नियंत्रक पुनःपुन्हा आरंभावस्थेत जाऊ लागले आणि ऐन थंडीत ऊब खंडित झाली. ती यंत्रणा पेलेटची नव्हती, तथापि तिच्यावरून निघणारा निष्कर्ष पेलेट-बॉयलरलाही लागू पडतो. दूरची वाट तुटली वा तुंबली असता ज्या नियंत्रकाचे स्थानिक कार्यही थांबते, त्यात दूरच्या आज्ञेला तिच्या योग्यतेपेक्षा वरचे स्थान दिले गेले, असे म्हटले पाहिजे.

वरील विवेचनावरून दिसून येईल की बुट्झने नाहीसा केलेला भट्टीवरचा माणूस नियंत्रकाच्या रूपाने परत आला आहे. वेबवरून येणारी आज्ञा वस्तुतः जॉन्सनच्या घंटेची वंशज आहे, बुट्झच्या साखळीची नव्हे. ती ऐकली जाते, तपासली जाते, प्रसंगी नाकारलीही जाते. यात मनुष्याच्या सत्तेचा ऱ्हास झाला असे मानण्याचे कारण नाही. तिचा विस्तार झाला हे म्हणणे मात्र अर्धसत्य होय. विस्तार झाला तो आज्ञा देण्याच्या अंतराचा. अग्नीवरचा अखेरचा अधिकार अग्नीच्या सान्निध्यातच राहिला, आणि जेथे तो तेथून हलविला गेला तेथे घर थंड पडले.