क्ले, ग्रास की हार्ड? टेनिसचं कोर्ट बदललं की खेळ का बदलतो?

मे २००७ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर एक विचित्र टेनिस कोर्ट तयार करण्यात आलं. नेटच्या एका बाजूला लाल माती, तर दुसऱ्या बाजूला हिरवं गवत. त्यावर रॉजर फेडरर आणि राफेल नदाल यांच्यात प्रदर्शनीय सामना झाला. फेडरर तेव्हा गवतावर सलग ४८ सामने जिंकलेला होता आणि नदाल मातीवर सलग ७२. बाजू बदलली की दोघांना बूटही बदलावे लागत होते! शेवटी नदालने ७-५, ४-६, ७-६ अशी बाजी मारली.

सामना गमतीचा होता, पण त्यामागचा मुद्दा खरा आहे. क्रिकेटमध्ये खेळपट्टी पाहून आपण संघ ठरवतो. टेनिसमध्ये तर कोर्ट कशाचं आहे यावर कोण जिंकणार याचा अंदाज बांधला जातो.

चेंडूचं नेमकं काय होतं?

चेंडू जमिनीवर आपटतो तेव्हा जमीन त्याला घर्षणाने अडवते. घर्षण जास्त असेल तर चेंडूचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि तो जास्त उसळतो. घर्षण कमी असेल तर चेंडू सरपटल्यासारखा खाली राहतो आणि वेगाने येतो. मातीवर पहिला प्रकार घडतो, गवतावर दुसरा. हार्ड कोर्ट साधारण या दोन्हींच्या मध्ये.

पॅरिसमध्ये होणारी फ्रेंच ओपन क्ले कोर्टवर खेळली जाते. 'क्ले' म्हणजे चिकणमाती असली, तरी तिथली लाल भुकटी ही प्रत्यक्षात दळलेली वीट असते. तिचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. त्याखाली चुनखडीचा चुरा, त्याखाली खडी आणि दगड. चेंडू संथ झाल्यामुळे जोरदार सर्व्हिसचीही धार कमी होते, रॅली लांबतात आणि दमसास असलेला खेळाडू वरचढ ठरतो. खेळाडू घसरत जाऊन चेंडू गाठतात तेही इथेच सर्वाधिक दिसतं. नदालने इथे खेळलेल्या ११६ सामन्यांपैकी ११२ जिंकले आणि १४ विजेतेपदं मिळवली. याउलट, विम्बल्डन सात वेळा जिंकणाऱ्या पीट सॅम्प्रसला फ्रेंच ओपनची अंतिम फेरी एकदाही गाठता आली नाही. १९९६ ची उपांत्य फेरी ही त्याची इथली सर्वोत्तम कामगिरी.

मातीचा रंग बदलून पाहण्याचा प्रयोगही झाला. २०१२ मध्ये माद्रिदच्या स्पर्धेत निळी माती वापरली गेली. टीव्हीवर चेंडू छान दिसला, पण कोर्ट इतकं निसरडं होतं की नदाल आणि नोवाक जोकोविच यांनी पुन्हा असं कोर्ट असेल तर आम्ही येणार नाही, असं सांगून टाकलं. पुढच्या वर्षी लाल माती परत आली.

विम्बल्डनचं गवत बदललं

गवत म्हणजे झटपट पॉइंट, हे समीकरण आता पूर्वीइतकं खरं नाही. याचं एक मोठं कारण २००१ मध्ये सापडतं. तोवर विम्बल्डनच्या कोर्टवर दोन जातींचं मिश्र गवत असायचं. त्या वर्षापासून फक्त राय गवत पेरलं जाऊ लागलं. ते जास्त टिकतं आणि त्याखालची जमीन कोरडी, टणक ठेवता येते. परिणामी चेंडू थोडा वर येऊ लागला आणि समोरच्याला परतवायला वेळ मिळू लागला. सर्व्हिस करून थेट नेटकडे धावणारे खेळाडू मागे पडले. २००२ च्या अंतिम सामन्यात लेटन ह्युइट आणि डेव्हिड नालबांडियन हे दोघेही बेसलाइनवरून खेळणारे होते. गवताची उंची मात्र आजही काटेकोरपणे ८ मिलिमीटर ठेवली जाते.

उरलेल्या दोन ग्रँड स्लॅम, म्हणजे ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपन, हार्ड कोर्टवर होतात. डांबर किंवा काँक्रीटच्या पायावर अॅक्रिलिक रंगाचे थर दिले जातात. त्या रंगात वाळू मिसळलेली असते. वाळू भरड आणि जास्त असेल तर कोर्ट संथ, बारीक आणि कमी असेल तर वेगवान. म्हणजे आयोजक वेग जवळपास 'ठरवून' घेऊ शकतात. देखभाल सोपी असल्याने जगभर हीच कोर्ट सर्वाधिक दिसतात. पुण्यात बालेवाडीला झालेली महाराष्ट्र ओपनही हार्ड कोर्टवरच होती. तोटा म्हणजे पाय घसरत नाही, त्यामुळे गुडघे आणि घोट्यांवर ताण जास्त येतो.

अमेरिकन ओपन आधी गवतावर व्हायची, १९७५ ते १९७७ अशी तीन वर्षं मातीवर झाली आणि १९७८ पासून हार्ड कोर्टवर होते. जिमी कॉनर्सने ती तिन्हींवर जिंकली, १९७४, १९७६ आणि १९७८ मध्ये. हा पराक्रम दुसऱ्या कोणालाही जमलेला नाही.

भारताला बसलेला फटका

डेव्हिस कपमध्ये कोर्ट कोणतं ठेवायचं हे यजमान देश ठरवतो. १९८७ मध्ये विजय अमृतराज, आनंद अमृतराज आणि रमेश कृष्णन यांच्या भारतीय संघाने सिडनीत, गवतावर, बलाढ्य ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवून अंतिम फेरी गाठली. आपले खेळाडू गवतावर तरबेज होते. अंतिम लढत स्वीडनमधल्या गोथेनबर्गला होती आणि मॅट्स विलँडरसारखा मातीवरचा दादा खेळाडू असलेल्या स्वीडनने बंदिस्त स्टेडियममध्ये क्ले कोर्ट अंथरलं. निकाल लागला ५-०. त्यानंतर भारत आजवर डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचलेला नाही.