सुईविना इंजेक्शन म्हणजे काय? औषध कातडीत जातं तरी कसं?

सुई दिसली की लहान पोर आईच्या पदराआड लपतं. मोठी माणसंही काही कमी नाहीत. शुगरचे कितीतरी पेशंट निव्वळ सुईच्या धाकाने इन्सुलिन टाळतात.

सुईविना इंजेक्शनचं यंत्र हातात मावतं. आत स्प्रिंग किंवा दाबाखालचा गॅस असतो. बटण दाबलं की औषध केसाएवढ्या बारीक छिद्रातून इतक्या जोरात निघतं की ती धारच कातडी भेदून आत जाते. फवारणी पंपाचं नोझल आठवा, फक्त छिद्र फार बारीक अन् दाब कितीतरी जास्त. काम सेकंदाच्या आत होतं.

आपल्या देशात हे नाव झालं ते कोरोनात. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाच्या झायकोव-डी लसीला 20 ऑगस्ट 2021 रोजी तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. माणसांसाठी मंजूर झालेली ही जगातली पहिली डीएनए लस. 28 दिवसांच्या अंतराने तीन डोस, तेही दंडाच्या स्नायूत नाही तर कातडीच्या थरात. कातडीत रोगाशी लढणाऱ्या पेशी भरपूर असतात, म्हणून ही जागा.

पण जुनी गोष्ट विसरून चालणार नाही. देवीच्या लसीकरणात परदेशात असल्या 'बंदुका' चालल्या, एकाच तोंडाने शेकडो लोकांना. 1985 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका क्लिनिकमध्ये अशाच यंत्रातून हेपॅटायटिस बी पसरल्याचं उघड झालं. एकाचं रक्त तोंडाला लागून दुसऱ्याच्या अंगात जात होतं. आताच्या यंत्रांत औषधाची नळी प्रत्येकाला नवी लावतात. ती आपल्यासमोर बदलली नाही तर हात पुढे करू नका, सरळ विचारा.

दुखत नाही असं सांगतात, ते पूर्ण खरं नाही. रबर सटकन लागावं तसं वाटतं, कधी जागा लाल होते, काळीनिळी पडते. सलाईन किंवा शिरेतलं इंजेक्शन यातून देता येत नाही.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. विरेन मेनेझिस यांच्या गटाने धक्कालहरींवर चालणारी 'शॉक सिरिंज' बनवली आहे. 2024 च्या अभ्यासातल्या तिच्या चाचण्या उंदरांवरच्या आहेत, तेव्हा दवाखान्यात लगेच मागायला जाऊ नका.

इन्सुलिनची सुईविना यंत्रं मात्र बाजारात आहेत. त्यातून दिलेलं इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं, त्यामुळे शुगर एकदम खाली येऊ शकते. डोस आणि जेवणाची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय सुई सोडू नये.