सोनघंटेच्या नावातली तीन माणसं

इतिहासाचं साधन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मोडी कागद, ताम्रपट, गॅझेटियर येतात. आज एका झुडपाचं नावच साधन म्हणून वाचून बघू.

सोनघंटा भेंडी-जास्वंदीच्या कुळातली. रस्त्याकडेला दिसणारी मुद्रा तिची जवळची नातलग. पण मुद्रा देशभर उगवते आणि सोनघंटा फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत, तीही मोजक्या जागी. घंटेसारखी लोंबणारी पिवळसर फुलं, त्यांवर लालसर शिरा. तिचं पूर्ण शास्त्रीय नाव : अब्युटिलॉन रानडेई वुड्रो आणि श्टाप्फ.

आता एकेक शब्द सोडवा. 'अब्युटिलॉन' ही प्रजाती. 'रानडेई' म्हणजे रानड्यांची. वनस्पती गोळा करणाऱ्या एन. बी. रानडे यांच्या सन्मानार्थ. शेवटची दोन आडनावं मात्र नाव प्रसिद्ध करणाऱ्यांची. जी. मार्शल वुड्रो पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. ऑटो श्टाप्फ लंडनजवळच्या क्यू उद्यानात होते. १८९४ साली क्यूच्या बुलेटिनमध्ये हे नाव छापून आलं.

म्हणजे रानडे नावात आहेत, पण नाव देणाऱ्यांत नाहीत. हा अन्याय म्हणायचा का? घाई करू नका. नियमानुसार श्रेय वर्णन प्रसिद्ध करणाऱ्याला मिळतं. आणि एखादी वनस्पती 'नवी' आहे असं म्हणायचं तर आधीच्या सगळ्यांशी ताडून बघावी लागते. त्यासाठी लागणारे वाळवलेले नमुने आणि ग्रंथ क्यूमध्ये साठले होते. हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'त या कुळाचा भाग १८७५पर्यंत छापून झाला होता, त्यामुळे सोनघंटा त्यात सापडायची नाही. ती नवी ठरली, कारण कुणीतरी घाट चढून फांदी तोडून आणली आणि दुसऱ्या कुणीतरी ती त्या साठ्याशी ताडली. पहिलं काम इथे होत होतं, निवाडा तिकडे. प्रश्न व्यक्तीच्या मोठेपणाचा कमी, साठा कुठे होता याचा जास्त.

तुमच्यासाठी यात एक पद्धत आहे. ग्रंथातलं नाव वाचून थांबू नका, हर्बेरियमच्या कागदावरची चिठ्ठी बघा. तिथे गोळा करणारा, जागा, तारीख असते; लेखक-यादीत न दिसणारी माणसं तिथे भेटतात. आणि एक प्रश्न त्या चिठ्ठीलाही विचारा : रानातली वाट कुणी दाखवली? ते नाव बहुधा तिथेही नसतं. कोणता कागद कुणापाशी येऊन गप्प होतो हे नोंदवणं, हेसुद्धा संशोधनच.